दिवा बंद होता म्हणून वायर काढली

पीएच.डी.ला येऊ पाहणारी मुलं भेटली की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीसाठी कुठलं पुस्तक वाचू?" पुस्तकं वाचाच, पेटला ती लागतात. पण मला मेथडॉलॉजीचा सगळ्यात मोठा धडा मिळाला तो आमच्या विभागात, जिन्याखालच्या एका कपाटात. त्या कपाटात पूर्ण मजल्याच्या नेटवर्कच्या वायरी येतात. आज त्यांच्याबद्दल लिहितेय. वायरी कशा शोधायच्या, लेबल कसं द्यायचं, नोंद कशी ठेवायची हे सगळं सांगते. पण आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते, म्हणजे एवढी उठाठेव कशासाठी ते कळेल.

काय झालं?

मी नाशिकच्या एका कॉलेजातल्या संशोधन केंद्रात काम करते. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये लॅबचं इंटरनेट फार रडायला लागलं. स्विचवर एकही पोर्ट मोकळा नव्हता आणि मला माझ्या सर्व्हरसाठी एक हवा होता. कपाट उघडलं तर आत शेवयांचा गुंता. निळ्या, करड्या, पिवळ्या वायरी एकमेकींत अडकलेल्या, आणि लेबल एकाही वायरीला धड नाही. एकीवर सेलोटेपखाली 'सर' एवढंच लिहिलेलं. कुठले सर, ते रिटायर होऊन किती वर्षं झाली, देव जाणे.

मी बघितलं, सात पोर्टचे दिवे बंद आहेत. दिवा बंद म्हणजे पलीकडे काही नाही, असा सरळ हिशोब केला आणि सातही वायरी उपटल्या. माझं काम झालं. आवरलं म्हणून मामांनी कौतुकही केलं.

तेराव्या दिवशी वनस्पतीशास्त्राची एक सिनियर ताई लॅबच्या दारात उभी. कॉलेजच्या मागे द्राक्षाच्या चार ओळी आहेत, तिच्या प्रयोगाच्या. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर मातीचा ओलावा आणि तापमान दर दहा मिनिटांनी मोजणारा एक लॉगर तिथे बसवला होता. बॅटरी वाचावी म्हणून तो दिवसभर नेटवर्क बंद ठेवायचा. रात्री दोनला जागा व्हायचा, डेटा पाठवायचा, परत झोपायचा. म्हणजे दिवसा त्याच्या पोर्टचा दिवा बंदच असायचा. ती वायर मी काढली होती, छाटणीच्या दुसऱ्याच दिवशी. ताई तेव्हा निफाडकडच्या प्लॉटवर होती, त्यामुळे तिला कळायला अकरा दिवस गेले. लॉगरच्या मेमरीत फक्त शेवटचे दोन दिवस मावायचे. मधले नऊ दिवस गेले.

ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना हे नऊ दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. छाटणीपासून डोळे फुटून पोंगा अवस्था येईपर्यंतचा तोच काळ. तिचा प्रश्नच त्या काळाबद्दल होता. आणि ऑक्टोबर छाटणी वर्षातून एकदाच होते.

ती ओरडली नाही. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाली. ते जास्त लागलं.

कपाटात नक्की काय असतं?

आधी रचना समजून घेऊ. तुमच्या टेबलाजवळ भिंतीवर जो छोटा बॉक्स असतो, ज्याला आपण 'आयओ' म्हणतो, त्याच्या मागून एक केबल निघते आणि भिंतीतून, फॉल्स सिलिंगवरून कपाटातल्या पॅच पॅनेलच्या पाठीला येते. ही केबल पक्की. ती एकदा टाकली की वर्षानुवर्षं हलत नाही. पॅच पॅनेलच्या पुढच्या तोंडापासून स्विचपर्यंत जी छोटी वायर जाते ती पॅच कॉर्ड. ती रोज बदलू शकते.

प्रमाणित पद्धतीत पक्की केबल जास्तीत जास्त ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर, अशी एकूण १०० मीटरची मर्यादा धरतात. हे विभाजन फक्त लांबीपुरतं नाही. पक्क्या केबलचं लेबल कायमचं असतं आणि पॅच कॉर्डची नोंद बदलती असते. गोंधळ होतो तो या दोन्हींना एकच समजल्यामुळे. 'सर' हे लेबल पक्क्या केबलवर लावलं की सर गेल्यावर लेबल खोटं ठरतं. केबल मात्र तिथेच असते.

आधी बघायचं, मग हात लावायचा

त्या प्रकारानंतर मी आणि आमचे लॅब असिस्टंट भाऊ, दोघांनी ते कपाट नीट लावायचं ठरवलं. पहिला नियम भाऊंनी घातला: आठ दिवस कुणीही काहीही उपटायचं नाही.

पहिल्या दिवशी फक्त फोटो काढले. समोरून, मागून, प्रत्येक पॅनेलचा जवळून. काहीही बिघडलं तर निदान आधी कसं होतं ते दिसेल.

मग स्विचलाच विचारलं. स्विच स्वतःजवळ एक तक्ता ठेवतो, कुठल्या पोर्टवर कुठल्या उपकरणाचा मॅक पत्ता दिसला त्याचा. मॅनेज्ड स्विच असेल तर हा तक्ता वाचता येतो. पण यात एक गोम आहे. उपकरण गप्प बसलं की स्विच त्याला विसरतो. बहुतेक स्विचमध्ये ही मुदत मुळात ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं ठेवलेली असते. तुम्ही दुपारी तीन वाजता तक्ता बघितलात तर रात्री दोनला बोलणारा लॉगर त्यात दिसणारच नाही. दिवा बघून मी केली तीच चूक तक्ता बघून पुन्हा झाली असती, आणि यावेळी मी ती 'डेटा बघून' केली असती.

म्हणून आम्ही एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर दोन मिनिटांनी तक्ता उतरवून घ्यायचा, सलग आठ दिवस. दोन मिनिटं का, तर पाच मिनिटांच्या आत कुणी बोलून विसरलं गेलं तरी निसटू नये. आठ दिवस का, तर आठवड्यातून एकदाच जागी होणारी यंत्रंही असतात. आमच्याकडे रविवारी पहाटे बॅकअप घेणारं एक निघालंच. जे आपण संशोधनात सॅम्पलिंग म्हणतो ते हेच. किती वेळा बघायचं आणि किती काळ बघायचं, हे आपल्या सोयीनं ठरवायचं नसतं. ज्याला शोधायचंय त्याच्या सवयीवरून ते ठरतं.

तरीही महिन्यातून एकदा चालणारं यंत्र आठ दिवसांत सापडणार नाही. त्यासाठी माणसांना विचारावं लागतं. आम्ही नोटीस लावली आणि प्रत्येक खोलीत जाऊन विचारलं. तीन गोष्टी अशा कळल्या ज्या कुठल्याही तक्त्यात नव्हत्या.

वायरीची दोन्ही टोकं कशी शोधायची?

ज्या पोर्टवर उपकरण दिसलं ते सोपं. ज्यावर काहीच दिसलं नाही त्यांच्यासाठी टोनर लागतो. एका टोकाला टोन देणारा डबा लावायचा आणि दुसरीकडे गठ्ठ्यावर प्रोब फिरवायचा. ज्या वायरीजवळ आवाज सगळ्यात मोठा येतो ती आपली. शेजारच्या वायरीतही थोडा आवाज उतरतो, म्हणून पहिल्या आवाजाला भुलायचं नाही, सगळ्या फिरवून मोठ्यात मोठा शोधायचा. चालू उपकरणाला जोडलेल्या वायरीवर साधा टोनर लावायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

या कामाला दोन माणसं हवीतच. एक जण आयओजवळ, एक कपाटाशी, आणि मध्ये फोन. मी खोलीतून म्हणायचे, "भाऊ, आता खिडकीजवळचा." ते म्हणायचे, "सतरा. परत लावा, खात्री करू." प्रत्येक वायरीचं दोनदा. कंटाळवाणं होतं, पण अठ्ठेचाळीसपैकी तीन वायरींत पहिलं उत्तर चुकलेलं निघालं.

नाव कसं द्यायचं?

इथे बहुतेक जण घाई करतात. नाव माणसाचं द्यायचं नाही, उपकरणाचं नाही, वापराचंही नाही. ही तिन्ही बदलतात. नाव जागेचं द्यायचं. आम्ही '२-अ-१७' अशी पद्धत घेतली: दुसरा मजला, रॅक अ, पॅनेलवरचा सतरावा पोर्ट. टीआयए-६०६ नावाचं केबलच्या नोंदींचं मानक आहे, त्यातली पद्धतही साधारण याच धर्तीची. हेच नाव पॅनेलवर, हेच केबलच्या दोन्ही टोकांवर, हेच भिंतीवरच्या आयओवर.

याचं फार सुंदर उदाहरण आपल्या नाशिक-पुणे रस्त्यावरच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. सगळ्यांचे संदेश ऑप्टिकल फायबरमधून एका मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे एकत्र जुळवले जातात. अँटेनांची नावं कशी आहेत बघा: मध्यवर्ती सी-००, सी-०१ अशी, आणि पूर्व, पश्चिम, दक्षिण हातांवरच्या ई, डब्ल्यू, एस या अक्षरांनी. नावातच जागा आहे. मधले काही क्रमांक गाळलेलेही आहेत, सी-०७ नावाची अँटेना नाही. म्हणून कुणी सगळ्यांना नव्यानं क्रमांक देत बसत नाही, कारण जुन्या नोंदी त्या नावांवर उभ्या आहेत. तिथे दोन अँटेनांच्या वायरी अदलाबदल झाल्या तर संदेश व्यवस्थित येईल, फक्त तो भलत्याच जागेवरून आला असं गणित धरेल आणि आकाशाचं चित्र चुकेल.

रिकामा क्रमांक भरून काढायचा मोह आम्हालाही झाला. पोर्ट ९ मोडलेला होता. तो '२-अ-०९, बंद' असाच ठेवला.

लेबल कसलं? कागद आणि सेलोटेप आपल्याकडच्या उन्हाळ्यात पिवळा पडून गळतो. केबलवर थेट मार्करनं लिहिलेलं हाताळून पुसतं. हातातल्या लेबल प्रिंटरची, केबलभोवती गुंडाळली जाणारी आणि वरून पारदर्शक पट्टी येणारी लेबलं टिकतात. टोकापासून वीतभर अंतराच्या आत लावा आणि वायर न काढता वाचता येतील अशी वळवा. दोन्ही टोकांना हवंच. एकाच टोकाला लेबल म्हणजे पाकिटावर फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता.

बांधणी करताना

वायरी एकत्र बांधायला प्लास्टिकचे केबल टाय करकचून ओढू नका. नेटवर्क केबलच्या आत आठ तारा चार जोड्यांमध्ये पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो. बाहेरचा गोंगाट कमी करण्याचं काम तो पीळ करतो. घट्ट आवळलं किंवा तीव्र वळण दिलं की आतली रचना बिघडते. वेल्क्रोची पट्टी वापरा, वायर जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा कमी वळवू नका, आणि विजेच्या वायरींपासून लांब ठेवा.

याच पिळाशी जोडलेला एक धडा आम्हाला तपासताना मिळाला. साध्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले की आपण म्हणतो, केबल चांगली. आमच्या दोन केबल अशा पास झाल्या, पण त्यांच्यावर चुका भरपूर यायच्या. उघडून पाहिलं तर कुणीतरी रंग जोडीजोडीनं ओळीत लावले होते: एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात-आठ. खरं तर तिसरी आणि सहावी तार एका जोडीची, चौथी आणि पाचवी एका जोडीची असावी लागते. दोन्ही टोकांना एकच चूक असल्यामुळे टेस्टरला सगळं सरळ दिसत होतं, पण संदेश पिळलेल्या जोडीतून जातच नव्हता. टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का एवढंच विचारत होता. आपला प्रश्न वेगळा होता. तुमच्या प्रयोगातली प्रत्येक चाचणी नेमकं काय विचारते, हे एकदा कागदावर लिहून बघा.

नोंदवहीतला एक रकाना

आता मुख्य गोष्ट. लेबल लावून झालं की काम संपलं असं वाटतं. पण नुसत्या लेबलाला नोंदवहीशिवाय अर्थ नाही. निर्यातीच्या द्राक्षांचं बघा. अपेडाच्या ग्रेपनेट पद्धतीत बागेची नोंदणी होते आणि परदेशात गेलेल्या खोक्यावरून मागे मागे येत त्या बागेपर्यंत पोचता येतं. खोक्यावरचा क्रमांक म्हणजे नुसते आकडे आहेत. बाग सापडते ती त्यामागच्या नोंदीमुळे.

आमच्या तक्त्यात नेहमीचे रकाने होते: लेबल, खोली, पॅनेलचा पोर्ट, स्विचचा पोर्ट, पलीकडचं उपकरण, कोण वापरतं. त्यात आम्ही आणखी दोन घातले: 'कसं कळलं' आणि 'कधी तपासलं'. 'कसं कळलं'मध्ये चारच उत्तरं चालतात: डोळ्यांनी पाहिलं, टोनरनं शोधलं, स्विचच्या तक्त्यात दिसलं, कुणीतरी सांगितलं. 'अंदाज' हे उत्तर चालत नाही. अंदाज असेल तर उपकरणाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहायचं.

हा रकाना घातल्यावर माझी जुनी चूक मला नीट दिसली. 'पोर्ट रिकामा' हा माझा दावा होता आणि पुरावा होता 'दुपारी दिवा बंद होता'. रकाना असता तर ते वाक्य मला लिहावं लागलं असतं, आणि लिहितानाच लाज वाटली असती.

शेवटची तपासणी आम्ही दोघांनी केली नाही. तक्ता दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, यातल्या कुठल्याही दहा ओळी निवड आणि वायर हातात धरून खरं-खोटं कर. ज्यानं लिहिलं त्यानंच तपासलं तर डोळे जे लिहिलंय तेच वाचतात. त्याला दहातली एक जोडणी सापडली, लेबल बरोबर, पोर्ट बरोबर, पण पिन पूर्ण बसलेली नव्हती. 'टक' आवाज आला नव्हता.

हे क्षुल्लक वाटेल, म्हणून एक मोठं उदाहरण. सप्टेंबर २०११ मध्ये इटलीतल्या ग्रान सासो इथल्या ऑपेरा प्रयोगानं जाहीर केलं की सर्नहून सुमारे ७३० किलोमीटर प्रवास करून आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद लवकर पोचताहेत. जगभर खळबळ उडाली. २०१२ च्या सुरुवातीला दोन दोष सापडले. त्यातला एक म्हणजे जीपीएसची वेळ मुख्य घड्याळापर्यंत आणणाऱ्या फायबरची जोडणी पूर्ण बसलेली नव्हती. दुरुस्तीनंतर न्यूट्रिनो प्रकाशाच्या वेगाशी जुळले. अंदाज यावा म्हणून सांगते, फायबरमध्ये प्रकाशाला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे आइन्स्टाइनला आव्हान देणारा तो फरक फायबरच्या बारा मीटर लांबीएवढा होता. त्यांची तपासणी कमी होती असं म्हणण्याची माझी लायकी नाही. उलट महिनोन् महिने स्वतःचंच यंत्र तपासून त्यांनी आपली चूक स्वतः शोधली आणि सांगितली. पण 'जोडलेलं आहे' आणि 'नोंदीत आहे तसं जोडलेलं आहे' यांत किती अंतर असू शकतं, ते यावरून कळतं.

काढायचं असेल तर

जागा मोकळी करायला वायर काढावीच लागते. मी केलं त्यात काढणं ही चूक नव्हती, न सांगता सात एकदम काढणं ही होती. आता आमची पद्धत अशी: 'अज्ञात' वायर असेल तर दोन आठवडे आधी नोटीस. मग एका वेळी एकच काढायची. काढलेलं टोक फेकायचं नाही, त्याला तारीख आणि जुना पोर्ट लिहून तिथेच महिनाभर लटकवायचं. कुणी ओरडत आलं तर एका मिनिटात परत लावता येतं.

सगळं मिळून आम्हाला मोजणीचे आठ दिवस आणि हातकामाचे चार दिवस लागले. अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस वायरींची दोन्ही टोकं सापडली. एक अजून सापडलेली नाही. ती भिंतीत जाते आणि कुठेच निघत नाही. तिच्यावर '२-अ-३१, अज्ञात' असं लेबल आहे आणि तक्त्यात आम्ही काय काय करून बघितलं ते लिहिलंय. प्रबंधातही अशी एखादी ओळ असायला हरकत नसते.

ताईनं त्या वर्षीचा आलेख टाकून दिला नाही. नऊ दिवसांची जागा कोरी ठेवली, रेघ जोडून घेतली नाही, आणि खाली कारण लिहिलं: नेटवर्क जोडणी खंडित. माझं नाव लिहिलं नाही. पुढच्या ऑक्टोबरला छाटणीच्या आदल्या संध्याकाळी ती कपाटाशी आली, २-अ-१७ हे लेबल वाचलं, वायर हलकेच ओढून बघितली आणि मला म्हणाली, "तारीख टाक." मी 'कधी तपासलं'मध्ये तारीख टाकली. रात्री दोन वाजता दोघीही जाग्या होतो. दोन वाजून एक मिनिटानं डेटा आला.